महाधमनीचा फुगा, कमजोर किडनी आणि ऑपरेशनआधीचा स्कॅन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात सीटी मशीनसमोर बसून मी रिपोर्ट लिहितो. पेशंट येतात ते जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून. बहुतेक पहाटेच्या एसटीने, सोबत मुलगा किंवा जावई, आणि हातात कापडी पिशवीत कोंबलेले दहा वर्षांचे कागद. महाधमनीला फुगा आहे आणि किडनीही कमजोर आहे, असा पेशंट आला की काउंटरवरच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या पेशंटचा निर्णय त्याचे सर्जन आणि किडनीचे डॉक्टर घेतील. त्यांच्यासमोर बसाल तेव्हा काय विचारायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

फुगा म्हणजे नेमकं काय? आणि तो असला की ऑपरेशन ठरलेलंच का?

हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. पोटात ती साधारण २ सेंटीमीटर रुंद असते. भिंत कमकुवत होऊन ती ३ सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त फुगली की त्याला ॲन्युरिझम म्हणतात. विडी-सिगारेट हे सगळ्यांत मोठं कारण. त्यात वय आणि रक्तदाबाची भर पडते.

सगळ्यांचं ऑपरेशन होत नाही. पुरुषांत साधारण ५.५ आणि बायकांत ५ सेंटीमीटरपर्यंत ठराविक अंतराने सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. त्यापुढे गेला, सहा महिन्यांत अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वाढला, किंवा दुखू लागला, तर दुरुस्तीचा विषय निघतो. लहान फुग्यासाठी डाय (धमन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी करा, असं कुणी सुचवलं तर "आत्ताच का?" असं विचारायला संकोच करू नका.

सोनोग्राफीत फुगा दिसला, मापही आलं. मग परत सीटी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो रोज येतो. सोनोग्राफी फुगा किती मोठा ते सांगते. ऑपरेशनला त्याहून बरंच काही लागतं.

हल्ली बहुतेक ऑपरेशनं पोट न उघडता होतात. दोन्ही जांघांतून तार घालून, फुग्याच्या आतून कापडी अस्तराचा स्टेंट बसवतात. याला एव्हार म्हणतात. १९९० मध्ये ब्यूनस आयर्समध्ये हुआन पारोडी यांनी पोटातल्या फुग्यासाठी हे पहिल्यांदा केलं. शेतातला जुना सिमेंटचा पाइप मध्येच फुगला, तर खोदकाम न करता आतून नवा पाइप सरकवण्यासारखं हे काम. पण नवा पाइप वरच्या आणि खालच्या चांगल्या तुकड्यात घट्ट बसला पाहिजे. नाही बसला, तर पाणी बाजूने झिरपून फुग्यातच जाणार.

वरच्या चांगल्या तुकड्याला सर्जन 'नेक' म्हणतात. किडनीच्या धमन्या जिथून फुटतात त्याच्या खाली आणि फुगा सुरू होण्याच्या वर असलेला हा भाग. तो किती लांब (बहुतेक स्टेंटना १० ते १५ मिलिमीटर तरी हवा), किती रुंद, किती वाकडा, आत रक्ताची गुठळी किंवा चुना (कॅल्शियमचा थर) बसलाय का, हे सगळं मोजावं लागतं. मग खाली पायांकडे जाणाऱ्या धमन्या: स्टेंटची नळी आत जाईल एवढ्या रुंद आहेत का, वळणं किती आहेत. एखाद्या किडनीला दोन धमन्या असतात. त्यातली एक स्टेंटखाली झाकली गेली तर किडनीचा तेवढा भाग मरतो. आधीच किडनी कमजोर असलेल्या माणसाला हे परवडत नाही. म्हणजे किडनी वाचवण्यासाठीसुद्धा नीट स्कॅन लागतो. पेशंटच्या घरच्यांना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

ही मापं एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांवर, धमनीच्या मधोमध रेषा ओढून घेतात. आडव्या कापावर पट्टी लावून घेतलं, तर वाकड्या धमनीचं माप फसवं येतं. तिरकी कापलेली काकडी लांबुळकी दिसते, तसंच.

"सायेब, डाय टाकला की किडनी जाती म्हणं. खरंय का?"

अर्धं खरं. आणि हे अर्धं खरंच जास्त नुकसान करतं.

डाय म्हणजे आयोडीन असलेलं औषध. ते शिरेतून जातं, धमन्या पांढऱ्याशुभ्र दिसतात, आणि लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी चांगली असेल तर साधारण दोन तासांत अर्धा डाय निघून जातो. चोवीस तासांत जवळपास सगळा. कमजोर किडनीला जास्त वेळ लागतो.

जुन्या अभ्यासांत डायनंतर क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) वाढलं की दोष सरळ डायवर टाकला जायचा. पण दवाखान्यात भरती झालेल्या आजारी माणसाचं क्रिएटिनिन डाय न देताही वर-खाली होतं. डाय दिलेल्या आणि न दिलेल्या सारख्याच पेशंटची तुलना झाली, तेव्हा फरक वाटला होता त्याहून बराच कमी निघाला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी कॉलेजने आणि नॅशनल किडनी फाउंडेशनने मिळून जे निवेदन काढलं, त्यात शिरेतून दिलेल्या डायमुळे किडनीला मार बसण्याचा धोका असा धरला आहे: ईजीएफआर (क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुष यांवरून काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज; जितका कमी, तितकी किडनी कमजोर) ४५ किंवा जास्त असेल तर जवळपास शून्य, ३० ते ४४ मध्ये ० ते २ टक्के, आणि ३० च्या खाली ० ते १७ टक्के. शेवटचा आकडा एवढा पसरट आहे तो उगाच नाही. त्या गटातली माणसं एकमेकांपासून फार वेगळी असतात.

म्हणून भीती बाळगायची ती ३० च्या खाली, आणि तिथेही पूर्वतयारी हवी, पळ काढायला नको. साडेसहा सेंटीमीटरचा फुगा घेऊन "डाय नको" म्हणत घरी बसणं हा काही सुरक्षित पर्याय नाही.

क्रिएटिनिन १.४ आहे. म्हणजे थोडंसंच वाढलंय ना?

कुणाचं, त्यावर आहे. ईजीएफआर काढायच्या सध्याच्या २०२१ च्या सूत्रात १.४ हा एकच आकडा घालून बघा. तीस वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर ६९ येतो. बहात्तर वर्षांच्या पुरुषाचा ५३. बहात्तर वर्षांच्या बाईचा ४०. लॅबच्या कागदावर तिघांच्याही आकड्यापुढे बाण तेवढाच असतो.

आणखी एक मेख आहे. क्रिएटिनिन स्नायूंमधून येतं. आमच्याकडे येणारे कितीतरी म्हातारे हाडकुळे असतात, दंडाला नुसती कातडी. त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, त्यामुळे किडनी आहे त्याहून चांगली भासते. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाची रक्ततपासणी उपयोगी पडते. मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते.

जुने रिपोर्ट आणा म्हणून मी मागे लागतो तेही याचसाठी. दोन वर्षं १.८ वर स्थिर असलेला माणूस आणि परवा १.१ असून आज १.८ झालेला माणूस, यांत दुसऱ्याची मला जास्त काळजी वाटते. त्याची किडनी आत्ता मार खातेय. घाई नसेल तर त्याला आधी सावरू द्यावं, स्कॅन नंतर.

डाय कमी करता येतो का?

येतो, आणि तुम्ही विचारलंच पाहिजे अशी ही गोष्ट. मोठ्या धमनीच्या सीटी अँजिओला ८० ते १२० मिलिलिटर डाय देण्याची पद्धत होती. किडनी कमजोर असेल तर बारीक अंगाच्या माणसात ३० ते ५० मिलिलिटरमध्येही कामाची चित्रं मिळतात.

कसं ते थोडक्यात सांगतो. मशीनचा व्होल्टेज १२० वरून ८० किलोव्होल्टवर आणला की आयोडीन जास्त उठून दिसतं, म्हणजे कमी डायमध्ये तीच चमक. मागून ४०-५० मिलिलिटर सलाईन ढकललं की हाताच्या शिरेत अडकून राहणारा डायही पुढे सरकतो, वाया जात नाही. डाय महाधमनीत पोहोचला की मशीन आपोआप सुरू होईल अशी सोय असते. ती वापरली तर चाचणीसाठी वेगळा डाय द्यावा लागत नाही. ड्युअल एनर्जी (दोन वेगळ्या व्होल्टेजवर चित्रं घेणारं) मशीन असेल तर आणखी वाव मिळतो. फार लठ्ठ पेशंटला मात्र ८० किलोव्होल्ट पुरत नाही, चित्र वाळूसारखं खरखरीत येतं.

यात एक खोच आहे, ती आमच्या टेक्निशियन मंडळींसाठी. मोठ्या फुग्यात रक्त संथ फिरतं, पुराचं पाणी तळ्यात शिरल्यासारखं. मशीन जोरात पळवलं तर डाय जांघेपर्यंत पोहोचायच्या आत स्कॅन संपतो. वरचा भाग झकास, खालच्या धमन्या काळ्या. मग परत स्कॅन, परत डाय. कमी डायच्या स्कॅनमध्ये चुकीला जागा नसते, म्हणून असा पेशंट असला की मी स्वतः कन्सोलवर जाऊन उभा राहतो.

सुई कुठल्या हाताला लावायची?

बहुतेकांना हा फालतू प्रश्न वाटतो. तो फालतू नाही. ज्यांची किडनी पुढेमागे डायलिसिसपर्यंत जाऊ शकते, त्यांच्या न वापरत्या हातात, म्हणजे बहुतेकांच्या डाव्या हातात, पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) करावा लागतो. त्या हाताच्या शिरा टोचून-टोचून खराब झाल्या तर फिस्टुला बनत नाही. म्हणून इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची सुई-नळी) उजव्या हाताला लावायला सांगा. फिस्टुला झालेला असेल तर त्या हाताला कुणालाही हात लावू देऊ नका, रक्तदाबाचा पट्टासुद्धा नाही. सिस्टरला गडबडीत हे लक्षात राहीलच असं नाही. एका परभणीच्या आजींच्या मुलीने आईच्या डाव्या मनगटाला लाल दोराच बांधून आणला होता. आम्ही तेव्हापासून लाल चिकटपट्टी ठेवतो.

उपाशीपोटी यायचं ना?

इथे मराठवाड्यात सगळ्यात जास्त घोळ होतो. "रिकाम्या पोटी या" असं फोनवर सांगितलं की माणसं रात्रीपासून पाणीही सोडतात. मे महिना, बाहेर ४२ डिग्री, गेवराईहून खिडकीजवळ बसून एसटीचा प्रवास, आणि दुपारी बाराला नंबर. असा माणूस टेबलावर येतो तेव्हा त्याची किडनी आधीच कोरडी पडलेली असते. एकदा एक काका आषाढी एकादशीला आले. निर्जळी उपवास, वरून स्कॅनसाठी पुन्हा उपाशी. मी स्कॅन दुसऱ्या दिवशी घेतला. त्यांना राग आला, पण घेतला दुसऱ्या दिवशीच.

आजकालच्या डायसाठी कडक उपास लागतच नाही. आम्ही दोन-तीन तास आधी पोटभर जेवू नका एवढंच सांगतो. पाणी मात्र पीत राहा. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तेवढंच.

ईजीएफआर ३० च्या खाली असेल तर शिरेतून साधं सलाईन देतात: स्कॅनच्या तासभर आधीपासून, आणि नंतर काही तास. किती द्यायचं ते वजनावर आणि हृदयावर ठरतं. पायाला सूज आणि झोपल्यावर धाप असलेल्या माणसाला दोन बाटल्या धडाधड चढवल्या तर पाणी फुप्फुसात जाईल. ३० ते ५९ मधल्या माणसांना सरसकट सलाईन देऊन वेगळा फायदा होतो का, हे २०१७ च्या नेदरलँड्समधल्या ॲमेसिंग अभ्यासात तपासलं. सलाईन न देणंही तितकंच चाललं. ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्या आणि सोडा-बायकार्ब अजून काही ठिकाणी लिहून देतात. २०१८ च्या प्रिझर्व्ह या मोठ्या अभ्यासात दोन्हींचा फायदा दिसला नाही. त्या गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून स्कॅन पुढे ढकलू नका.

कोणत्या गोळ्या बंद करायच्या?

मधुमेहाची मेटफॉर्मिन: ईजीएफआर ३० च्या खाली असेल किंवा किडनी नुकतीच बिघडली असेल तर डाय देताना थांबवतात, ४८ तासांनी क्रिएटिनिन बघून पुढचं ठरवतात. त्याच्या वर असेल तर बहुधा थांबवायची गरज नसते. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी अचानक बसली तर ती अंगात साठते, हा मुद्दा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. फुगा असलेल्या माणसाचा रक्तदाब वाढणं धोक्याचं.

खरा शत्रू वेगळाच आहे: दुखण्याचं इंजेक्शन. फुगा मोठा झाला की कंबर दुखू शकते. गावात कंबरदुखी म्हणजे काम जास्त झालं, ऊसतोडीला गेला, गाडी खाचखळग्यांतून गेली. बाजाराच्या दिवशी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, दोन दिवस बरं, परत इंजेक्शन. मी बघितलेल्या कित्येक फायलींमध्ये किडनी जास्त कुणी खाल्ली, डायने की या इंजेक्शनांनी, याचं उत्तर स्पष्ट दिसतं. स्कॅनच्या आधी आणि नंतर ही औषधं पूर्ण बंद. ओळखीच्याने दिलेली भस्मं आणि पुड्याही डॉक्टरांना दाखवा, लपवू नका.

डाय न देता काही जमत नाही का?

जमतं, पण प्रत्येकाला मर्यादा आहे.

साधा सीटी, डाय न देता: फुग्याचं बाहेरून बाहेरपर्यंतचं माप, वळणं, लांबी, भिंतीवरचा चुना, सगळं छान दिसतं. दिसत नाही ते आतलं. रक्त कुठून वाहतं आणि गुठळी कुठे आहे, दोन्ही करडंच. किडनीच्या धमन्यांची तोंडं ओळखणं कष्टाचं. याला रंगीत डॉप्लरची (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची) जोड दिली, अनुभवी हाताने आणि सकाळी पोटात गॅस नसताना, तर साध्यासरळ फुग्याचं नियोजन होऊ शकतं. नेक आखूड असेल, स्टेंटला किडनीच्या धमन्यांसाठी खिडक्या कराव्या लागणार असतील, तर एवढ्यावर भागत नाही.

एमआरआय: काही पद्धतींत कुठलंही इंजेक्शन न देता धमन्या दिसतात. वेळ लागतो, श्वास रोखावा लागतो, बंद नळीत पडून राहावं लागतं, आणि चुना नीट दिसत नाही. जांघेकडच्या धमनीत चुन्याची कडक कडी असेल आणि ती आधी कळली नाही, तर स्टेंटची नळी अडते. म्हणून एमआरआयसोबत बिनडायचा सीटी जोडून घेतात. पेसमेकर असेल तर आधी सांगा.

एमआरआयच्या गॅडोलिनियम इंजेक्शनबद्दलही भीती आहे. तिला कारण होतं: २००६ मध्ये लक्षात आलं की किडनी फार बिघडलेल्या माणसांत जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे कातडी आणि सांधे कडक करणारा एक गंभीर आजार होतो. आता गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरेट यांसारखी ज्या गटातली औषधं वापरतात, त्यांत हा धोका अत्यंत कमी आहे. कोणतं वापरणार, हे नाव घेऊन विचारा.

माझं मत विचाराल तर: ईजीएफआर ३० च्या वर असेल तर एकच, नीट आखलेला, कमी डायचा सीटी अँजिओ करून मोकळं व्हावं. 'जरा जपून' म्हणून आधी साधा सीटी, मग अर्धवट एमआरआय, आणि शेवटी सर्जनला पुरलं नाही म्हणून डायचा सीटी, या फेऱ्यांत पैसा जातो, महिना जातो आणि फुगा काही आपली वाट बघत नाही. ३० च्या खाली मात्र आधी बिनडायच्या तपासण्या लावून बघणं योग्य. त्यातून काय कळलं नाही ते ठरलं, की तेवढ्यापुरताच डाय.

स्कॅनमध्ये डाय वाचवला, पण ऑपरेशनमध्ये परत डाय लागणारच ना?

लागतो, आणि तो थेट धमनीत, किडनीच्या दाराशी. त्यामुळे स्कॅनचा आणि ऑपरेशनचा डाय वेगवेगळ्या दिवशी, शक्य असेल तर मध्ये काही दिवस सोडून आणि क्रिएटिनिन परत बघून.

तिथेही कमी करता येतं. बऱ्याच पावलांना कार्बन डायऑक्साइड वायू वापरता येतो. तो रक्तात विरघळतो आणि फुप्फुसातून श्वासावाटे निघून जातो, किडनीला त्याची झळ नाही. मेंदूकडे गेला तर धोका, म्हणून तो छातीच्या पडद्याखालीच वापरतात. धमनीच्या आत घालायची बारीक सोनोग्राफीही असते. काही कॅथलॅबमध्ये (धमनीत तार-नळी घालून काम करायच्या खोलीत) आधीच्या सीटीचा नकाशा पडद्यावर चढवून काम करतात, मग डाय फक्त खात्रीपुरता. आधीचा सीटी जितका चांगला, तितका टेबलावरचा डाय कमी.

डायलिसिस चालू आहे. आता काय बिघडायचं राहिलं?

रोज लघवी होत असेल तर ती उरलेली ताकद जपायची, म्हणून डाय कमीच. लघवी पूर्ण बंद असेल तर डायची तेवढी चिंता नाही. स्कॅननंतर डाय काढायला लगेच वेगळं डायलिसिस करायची गरज नसते. ठरलेल्या वारी केलं तरी चालतं.

आमच्याकडे तीन महिन्यांपूर्वीचा सीटी आहे. चालेल का?

फिल्म आहे की डेटा? इथे अनेकांची फसगत होते.

मोठ्या पाकिटात मिळतात त्या फिल्मवर निवडक चित्रं असतात. सर्जनला त्यावर मापं घेता येत नाहीत. त्याला हवी ती सीडी किंवा पेनड्राइव्ह, डायकॉम फाइलसह (मशीनमधली मूळ चित्रं), आणि त्यात पातळ काप. बऱ्याच सेंटरवर सीडीत ५ मिलिमीटरचे जाड काप भरून देतात आणि पातळ काप काही दिवसांनी मशीनमधून पुसले जातात. मोबाइलवर फिल्मचे फोटो काढून पाठवले तर त्याचा उपयोग शून्य.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, ठेच खाऊन सांगतोय. काही वर्षांपूर्वी मी जिथे काम करत होतो तिथे एका पेशंटचा उत्तम स्कॅन झाला, ईजीएफआर ३४. तो हैदराबादला गेला. नांदेड-लातूरकडची बरीच माणसं तिकडे जातात. तिथून फोन आला, पातळ काप पाठवा. आम्ही बघितलं तर जागा कमी पडली म्हणून डेटा पुसलेला. त्याला पुन्हा डाय घ्यावा लागला. किडनी सावरली, पण त्याच्या पोराचा फोनवरचा आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून असा पेशंट निघायच्या आत सीडी मी लॅपटॉपवर उघडून बघतो.

तर, स्कॅन झाल्यावर काउंटरवर एवढंच म्हणा: "एक मिलिमीटरचे काप सीडीत टाकलेत ना?" आणि स्कॅन करण्याआधीच सर्जनला विचारून घ्या की कुठून कुठपर्यंत हवा. बहुतेकांना छातीपासून जांघेपर्यंत हवा असतो. नुसतं "पोटाचा सीटी" लिहिलेल्या चिठ्ठीवर स्कॅन झाला आणि जांघा सुटल्या, की परत तीच कथा. सीटी सहा महिन्यांहून जुना असेल आणि फुगा वाढत असेल, तर नवीन लागण्याची तयारी ठेवा.

अचानक पोटात किंवा कमरेत कळ आली तर?

घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, कळ सहन होईना, आणि माणसाला फुगा आहे हे माहीत आहे: १०८ ला फोन करा. त्या वेळी क्रिएटिनिनच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत. डाय देऊन लगेच स्कॅन, किडनीचं नंतर बघू. फुटलेल्या फुग्यात मिनिटं मोजायची असतात. आणि पुन्हा सांगतो, वाटेत दुखण्याचं इंजेक्शन घेऊन "बघू सकाळी" म्हणत झोपू नका.

स्कॅननंतर रक्त कधी तपासायचं?

४८ ते ७२ तासांत एकदा क्रिएटिनिन. गावाजवळच्या लॅबमध्ये केलं तरी चालेल, पण आधीचं आणि नंतरचं एकाच लॅबमध्ये केलेलं बरं. दोन लॅबच्या आकड्यांत फरक पडतो. ४८ तासांत ०.३ ने वाढलं किंवा आधीच्या दीडपट झालं तर किडनीच्या डॉक्टरांना कळवा. बहुतेकांत ते तीन ते पाच दिवस चढतं आणि एक-दोन आठवड्यांत उतरतं. लघवी कमी झाली तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा.

ऑपरेशननंतर दरवर्षी डाय घ्यावा लागणार का?

पूर्वी एक महिना, वर्ष, मग दरवर्षी डायचा सीटी असं चक्र असायचं. किडनी कमजोर असेल तर आता डॉप्लर आणि बिनडायचा सीटी यांवर बरंच भागतं: फुगा आकसतोय की वाढतोय, स्टेंट जागेवर आहे का, हे कळतं. बाजूने गळती वाटली तर सूक्ष्म बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊन सोनोग्राफी करता येते. ते बुडबुडे श्वासावाटे जातात, किडनीतून नाही. ती सोय सगळीकडे नाही, मोठ्या शहरात विचारा. डायचा सीटी शंका आली तरच.

योजनेत बसतं का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण कोणतं ऑपरेशन, कोणत्या दवाखान्यात, स्टेंटसह की स्टेंटशिवाय, हे त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडेच विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. स्कॅन भरती होण्याआधी बाहेर केला तर त्याचे पैसे योजनेत धरतील का, हेही आधीच विचारा; नंतर विचारणाऱ्यांची तोंडं पडलेली मी रोज बघतो.

वडिलांना फुगा आहे. आम्हा भावंडांना तपासायला हवं का?

हो, घराण्यात हा आजार चालतो. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका जास्त, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना त्याहून जास्त. पासष्टीच्या आसपास पोटाची एक सोनोग्राफी करून घ्यावी. डाय नाही, सुई नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. वडिलांसोबत आलेल्या थोरल्या भावाला मी बहुतेकदा त्याच दिवशी टेबलावर झोपवतो, तेवढीच एक एसटीची फेरी वाचते.